मंजूर? नामंजूर!

माझ्या आईनं आयुष्यात एकदाच ठराव मांडला, आणि तो स्वतःच्याच वस्तीच्या विरोधात. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

माहितीच्या अधिकारात मागितलेली प्रोसिडिंगची झेरॉक्स माझ्यापुढं पडलीय. विषय क्रमांक नऊ. मागासवर्गीय वस्तीतल्या गटारीसाठी धरलेली रक्कम ‘तांत्रिक अडचणीमुळे’ गावातल्या सभामंडपापुढच्या फरशीकडं वळवावी. सविस्तर चर्चा झाली. सूचक: माझी आई. अनुमोदक: आमच्याच आळीतला एक म्हातारा, जो त्या दिवशी मिरजेला दवाखान्यात खाटेवर पडून होता. ठराव सर्वानुमते मंजूर.

मी आईला विचारलं, आये, ही सही तुझीच का?

ती म्हणाली, ‘माझीच की. तुझ्या भनीला रहिवासी दाखला पायजे हुता. भाऊसाहेब म्हणले, हितं कर सही, मी केली. कागुद कोराच हुता.’

सही ती साक्षरतेच्या वर्गात शिकली. रात्री कंदिलापुढं बसून, दिवसभर ऊस भांगलून आलेल्या बोटांनी. अंगठेबहाद्दर होती तोवर तिच्या नावावर ठराव नव्हता. सही शिकली आणि लोकशाहीच्या कामाला आली! वा रे लोकशाही!

गाव कृष्णाकाठचं आहे. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही म्हणणार, ते गावच वंगाळ. सातारा-सांगलीतल्या पोरांनो, तुमच्या गावची प्रोसिडिंगं काढा आणि सूचकांची नावं वाचा. तुमची आई, चुलती, मेलेला आज्जा कुठल्या ठरावावर बसलेत ते बघा, मग मला सांगा वंगाळ गाव कुठलं ते.

पुढच्या ग्रामसभेला मी गेलो. दोन ऑक्टोबर, गांधीबाबाचा जन्मदिवस. देवळाच्या सभामंडपात टेबल, टेबलामागं पाच खुर्च्या, खुर्च्यांवर माजी सरपंच, सोसायटीचा चेअरमन, कारखान्याचा एक संचालक. निवडून आलेली सरपंचबाई कडंच्या खुर्चीवर, पदर डोक्यावर, तिचा नवरा मधल्या खुर्चीवर. गावकरी सतरंजीवर. आणि आमची चार माणसं सतरंजी संपते तिथनं पुढं, पायरीवर. कुणी बसवलं नव्हतं त्यांना तिथं. आपणहून बसली होती. हे आपणहून बसणं ज्याला कळलं त्याला सगळं राजकारण कळलं.

मी उभा राहिलो. म्हटलं, मागासवर्गीयांच्या 15 टक्क्यांचा हिशेब वाचून दाखवा.

माजी सरपंच हसले. ‘कुणाचा रं तू?’

मी बापाचं नाव सांगितलं.

‘हां हां, त्याचा का! शिकलास म्हण की. बस खाली. हितं गावच्या विकासाचं चाललंय, जातीचं काढू नगंस.’

‘आबा, मी जातीचं काढलं न्हाई, पैशाचं काढलंय.’

भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, ‘लेखी द्या.’ आणि मागनं आरोळी उठली: मंजूर! मंजूर! काय मंजूर झालं ते मला अजून कळलेलं नाही.

दोस्तांनो, या दोन शब्दांत आपली सगळी स्थानिक स्वराज्य संस्था मावते. आत शिरताना पहिला शब्द ‘कुणाचा?’ आणि बाहेर पडताना शेवटचा शब्द ‘मंजूर!’ मधल्या जागेत नागरिक नावाचा प्राणी असावा असं घटनेत लिहिलंय.

कायद्यात आहे सगळं. 1992 साली 73वी घटनादुरुस्ती झाली, 24 एप्रिल 1993 ला ती लागू झाली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा, त्याआधी बायांची वेगळी सभा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी. दलित वस्ती सुधार योजना तर 1974 पासूनची. कागद उपाशी नाही, कागद ढेकर देतोय. उपाशी आहे ती वस्ती.

आणि त्याच कायद्यात एक भोक आहे. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यातला कमी तो आकडा लागतो. तेवढी माणसं नसली तर सभा तहकूब. तहकूब झालेली सभा परत भरली की मग गणसंख्येची अट नाही. म्हणजे लोक येऊ नयेत यातच सोय आहे! सकाळी नऊची वेळ लावायची, बायका रानात, गडी कामावर, पोरं मुंबई-पुण्याला. सभा तहकूब. मग तहकूब सभेत सात टाळकी बसून चौदा विषय मंजूर. वर साहेबलोक रिपोर्टात लिहायला मोकळे की लोकांचा सहभाग कमी आहे, जनजागृती करावी लागेल.

जनजागृती! ज्याला दारातनं ढकलून दिलं त्यालाच विचारायचं की बाबा, तुला घरात यायची आवड का नाही?

ही ‘कुणाचा?’ची रीत आजची नाही. 1901 साली साताऱ्याहून निघालेली काही पोरं मसूर स्टेशनवर उतरली. बापाकडं कोरेगावला निघालेली, अंगावर चांगले कपडे. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशीला आला. कोण तुम्ही? त्यातल्या धाकट्यानं भाबडेपणानं खरं सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरचा चेहराच फिरला, तो आपल्या खोलीत निघून गेला. गाडीवाले हात लावायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं दिलं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, असं ठरलं. तो धाकटा म्हणजे भीमराव आंबेडकर. आदल्या वर्षी, 7 नोव्हेंबर 1900 ला, त्यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातलं होतं. तो दिवस आता सरकार विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतं. साजरा करा. पण मसूरच्या मास्तरचा दिवसही साजरा करा, कारण तो रिटायर झालेला नाही. टेबल बदलून तो ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात बसलाय. तुझं काम काय, हे तो नंतर विचारतो. तू कोण, हे आधी.

म्हणून तर बाबासाहेबांनी 1932 साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतीच्या बिलाला विरोध केला, आणि 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत खेड्याच्या गोडव्यांवर कोरडे ओढले. ते खेड्याला शिव्या देत नव्हते. जातीच्या उतरंडीवर मतपेटी ठेवली तर पेटी उतरंडीसारखी वागायला लागेल, एवढंच ते सांगत होते. सभेची दवंडी आमच्या बापजाद्यांनी दिली, गावभर हलगी वाजवत. 1959 साली महारवतन कायद्यानं गेलं. पण दवंडी देणारा सभेत कुठं बसणार, हे कुठल्याच कायद्यानं ठरवलं नाही. ते पायरीनं ठरवलं.

आता कुणी म्हणेल, सातारा-सांगली म्हणजे क्रांतीची भूमी, इथं असं कसं? बरोबर आहे. सत्यशोधकांची ही भूमी. 1943 ते 46 इथं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. इंग्रजाचं कोर्ट बाजूला ठेवून गावोगाव न्यायदान मंडळं बसली. कुंडलचं नाव देशभर झालं. ते खरं आहे आणि त्याची आम्हाला घमेंड आहे. पण पुढं काय झालं? स्वराज्य आल्यावर त्या पिढीतले कित्येक सहकारात गेले, सोसायट्या, बँका, साखर कारखाने उभे राहिले. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते, देवराष्ट्र्यात जन्मलेले, याच मातीतले. कारखान्यामागनं जिल्हा परिषद आली आणि माणसं तीच राहिली.

कारखान्यात सभासद कोण? ज्याच्या रानात ऊस त्याचा शेअर. ज्याला रान नाही त्याला शेअर नाही, शेअर नाही त्याला मत नाही. म्हणजे आमचा माणूस फडात, गाळपात, झाडलोटीत होता. सभेत नव्हता. आणि वार्षिक सर्वसाधारण सभा कशी चालते ते तुम्ही बघितलंय. मंडप, हार, अहवाल, चेअरमनसाहेबांचं भाषण आणि विषय वाचायच्या आधीच मागनं मंजूर-मंजूरचा गजर. एखाद्यानं प्रश्न विचारायला तोंड उघडलं की त्याचा माईक बंद. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या पुढाऱ्यांची ही शाळा. इथं शिकलेला गडी जिल्हा परिषदेत गेला, त्याचा चेला पंचायत समितीत, चेल्याचा मेव्हणा ग्रामपंचायतीत. त्यांनी ग्रामसभेलासुद्धा कारखान्याची सर्वसाधारण सभा करून टाकली. फरक एवढाच की ग्रामसभेचा सभासद होण्यासाठी ऊस लागत नाही, मतदारयादीत नाव पुरतं. कायद्यानं आम्ही सभासद झालो. रीतीनं अजून बिनशेअरचेच आहोत.

साहेब म्हणतात, लोकांना रस नाही. थांबा.

बेडग. मिरज तालुका, जिल्हा सांगली. जून 2023 मध्ये बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान तिथं पाडली गेली. ग्रामपंचायत म्हणाली, बांधकाम बेकायदा. जुलैमध्ये वस्तीतल्या माणसांनी घराला कुलपं घातली, पोरंबाळं घेतली आणि भर पावसात मुंबईच्या रस्त्याला लागली. मंत्रालयाकडं. बाया, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं.

आता मला सांगा, या माणसांना रस नव्हता? गाव सोडून मुंबईकडं चालत निघणारा माणूस आळशी असतो? ग्रामपंचायतीचं हापिस घरापासनं हाकेवर. मंत्रालय शेकडो किलोमीटरवर. तरी त्यांना मंत्रालय जवळ वाटलं! गावातलं हापिस जर मुंबईपेक्षा लांब असेल तर ते अंतर कशाचं आहे? कायदेशीर-बेकायदेशीरचा घोळ वकील घालत बसोत. माझा सवाल साधा आहे. इतर कुठल्या कमानीची फाईल इतक्या चपळाईनं हलते? आणि ज्या सभेत हा प्रश्न सुटायला हवा होता त्या सभेवर वस्तीचा इतकाही भरोसा का नसावा?

तीच माणसं सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर रात्रभर रांगेत उभी राहतात. एक जानेवारीला भीमा कोरेगावला जातात. चौदा एप्रिलचा हिशेब पै-पैचा मागतात. म्हणजे सभा, रांग, वर्गणी, हिशेब सगळं त्यांना येतं. येत नाही ते एकच, जिथं आपली किंमत शून्य धरलीय तिथं जाऊन टाळ्या वाजवणं. ह्याला तुम्ही उदासीनता म्हणता. मी ह्याला अक्कल म्हणतो.

शहरात राहणाऱ्या पोरांनो, तुम्ही हसू नका. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका 1998 ची. 2011 च्या जनगणनेत पाच लाखांवर माणूस. 74वी घटनादुरुस्ती म्हणते की 3 लाखांच्या वरच्या शहरात वॉर्ड समित्या पाहिजेत. महाराष्ट्रात त्या समितीत नगरसेवक बसतात आणि सामाजिक संस्थांचे म्हणून तीन माणसं घ्यायची सोय आहे. तुमच्या प्रभागातली ती तीन माणसं कोण? नावं सांगा. त्यात झोपडपट्टीतलं कोण, सफाई कामगार कोण, बाई कोण? 2009 साली क्षेत्रसभेचा कायदा झाला, मतदान केंद्राच्या आसपासच्या मतदारांनी बसून आपल्या भागाचं काम ठरवायचं. तुमच्या भागात क्षेत्रसभा कधी भरली? तुम्ही गेलात का? गटार तुंबलं की तुम्ही नगरसेवकाच्या बंगल्यावर जाता. ‘दादा, बघा की जरा.’ आणि दादा बघतो, कारण दादाला तुमचं गटार नको असतं, तुमचं ‘दादा’ हवं असतं. हक्काचं काम उपकार म्हणून घेतलंत की नागरिकाचा लाभार्थी झाला. लाभार्थ्याला प्रश्न विचारता येत नाही, फोटो तेवढा काढून घेता येतो.

आणि खरा पुरावा हा घ्या. मार्च 2022 ला सातारा-सांगलीच्या जिल्हा परिषदांची मुदत संपली. ऑगस्ट 2023 ला सांगलीच्या महापालिकेची संपली. निवडणुका लांबत गेल्या. आरक्षणाचे कज्जे, तारखांवर तारखा. 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. तोवर सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. जिल्हा परिषदेत तीन वर्षांहून जास्त काळ एकही निवडून आलेला माणूस नव्हता. आमच्या वस्तीत किती बोंब झाली? अजिबात नाही. कुणी जेवण सोडलं नाही, कुणी मोर्चा काढला नाही. का? निवडून आलेला होता तेव्हाही टेबलापलीकडचा माणूस तसाच बोलत होता, नव्हता तेव्हाही तसाच. ज्यांच्यासाठी लोकशाही कधी आत आलीच नाही त्यांना ती बाहेर गेलेली कशी कळणार? प्रस्थापितांना मात्र कळलं, कारण त्यांची खुर्ची गेली.

आरक्षणानं माणूस खुर्चीवर बसतो, आणि ते मोलाचं आहे. त्यावर कुणी डोळा ठेवला तर गाठ आपल्याशी आहे. पण राखीव जागेवर कोण बसणार हे वाड्यावरच ठरत असेल, आमच्या सरपंचाला झेंडावंदनाला पुढं आणि चेकबुकाला मागं ठेवत असतील, तर एक खुर्ची मिळाली आणि हापिस तसंच राहिलं. त्यानं मान वर केली की अविश्वास ठराव तयारच.

आता जरा आपल्याच अंगावर घेतो. दुसऱ्याला झोडपताना हात सैल सुटतो, स्वतःवर आला की आखडतो.

आपल्या जयंती कमिटीची मीटिंग आठवा. अध्यक्ष कोण? गेल्या वर्षीचाच. हिशेब? ‘आपलीच पोरं हायेत, कशाला कागुद?’ बॅनरवर बाबासाहेबांपेक्षा युवा नेत्याचं तोंड मोठं. बॅनरचे पैसे त्याच चेअरमनचे, ज्याच्या सभेत आमचा माईक बंद होतो. बाया शंभर माणसांचं जेवण रांधणार आणि ठरवताना बाहेरच्या ओट्यावर. तिथंही मागनं आरोळी: मंजूर! साला, ही आरोळी आपल्याला कुणी शिकवली? 1972 ला पँथर जन्मली, 74 ला फुटली, 77 ला बरखास्त केल्याची घोषणा झाली. कारणं विचारांची होती, माणसांचीही होती. पण संघटना आतनं कशी चालते हा प्रश्न आपण नेहमी मागं टाकला. आधी सत्ता, मग रीत, असं म्हणत राहिलो. रीत त्यांचीच उचलली आणि सत्ताही त्यांच्याकडंच राहिली. वाड्याची नक्कल करून वाडा पडत नसतो.

रीत बदलते का? बदलते. लांब कशाला, सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर 1980 च्या दशकात दुष्काळी शेतकऱ्यांनी आणि मुक्ती संघर्षवाल्यांनी बळीराजा धरण उभं केलं. तिथं ठरलं की पाण्याचा वाटा भूमिहीनालासुद्धा. ज्याला रान नाही त्यालाही पाणी! कारखान्याच्या हिशेबात हे बसतच नाही. पण एकदा भूमिहीनाचा वाटा मान्य केला की तो सभेला येतो, बोलतो, भांडतो, कारण त्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. 1996 साली केरळात लोकनियोजन सुरू झालं. तिथं ग्रामसभेत नुसती भाषणं न ठोकता माणसांना विषयांप्रमाणे छोट्या गटांत बसवलं. व्यासपीठापुढं न बोलणारी बाई दहाजणींत बोलते. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रीत 1989 पासून आळीआळीतल्या सभांनी नगरपालिकेच्या बजेटातला पैसा कुठं जावा ते ठरवलं, आणि गरीब भागाला वजन जास्त दिलं. ओकलंडच्या ब्लॅक पँथरनं 1973 साली बॉबी सील यांना महापौरपदाला उभं केलं. हरले. पण बंदूक खांद्यावर घेतलेल्यांनासुद्धा कळलं होतं की शहराचं बजेट कुठल्या खोलीत ठरतं.

तेव्हा आता काम. भाषण पुरे.

एक. कोऱ्या कागदावर सही नाही. दाखला अडवला तर अडवू दे, तो आपल्या बापाच्या मेहेरबानीचा नाही, 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचा आहे. अर्जाची पोच घ्या, मुदत मोजा, अपील करा.

दोन. प्रोसिडिंग सभेतच लिहायचं, सभेतच मोठ्यानं वाचायचं, मगच खाली सह्या. रात्री घरोघर फिरणारं रजिस्टर वस्तीत शिरू द्यायचं नाही.

तीन. 15 टक्क्यांचा आणि दलित वस्तीच्या निधीचा हिशेब वस्तीच्या भिंतीवर लावून मागायचा. लावत नसतील तर माहितीच्या अधिकारात काढून आपणच लावायचा. चुना आणि गेरू स्वस्त आहे.

चार. बसायचं तर सगळे सतरंजीवर, नाहीतर सगळे खुर्चीवर. पायरीवर कुणी बसायचं नाही. पायरीवर बसलेला आपला म्हातारा दिसला तर त्याचा हात धरून आत आणायचा. आधी हेच करा.

पाच. ग्रामसभेच्या आदल्या रात्री विहारात वस्तीची सभा. बाया आत, ठरवायला. पोरांनी चहा करायचा.

सहा. वरचं सगळं आपल्या मंडळाला, आपल्या कमिटीला आधी लागू. हिशेब नाही तर वर्गणी नाही.

हे बघून काहीजण म्हणतील, ही काय क्रांती झाली? रजिस्टर, सतरंजी, चुना! डिसेंबर 2020 मध्ये सरकारनं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. चांगलं केलं. पण पाटी बदलून पायरी हलत नाही. ज्याला रजिस्टर ताब्यात घेता येत नाही त्यानं राज्य ताब्यात घ्यायच्या गप्पा मारू नयेत.

26 जानेवारीला परत सभा होती. मी आईला घेऊन गेलो. ती पायरीजवळ थांबली, सवयीनं. मी काही बोललो नाही. तिनंच पदर खोचला आणि सतरंजीवर जाऊन बसली, भाऊसाहेबांच्या टेबलापुढं. शेजारची बाई जराशी सरकली. विषय वाचायच्या आधीच मागनं सुरू झालं: मंजूर, मंजूर.

आई उठली. म्हणाली, ‘आधी वाचा. माझ्या नावावर ठराव हाय म्हणं, त्यो पण वाचा.’

भाऊसाहेब म्हणाले, ‘मावशी, लेखी द्या.’

‘मी लिवून न्हाई, बोलून सांगती. नामंजूर.’

सभामंडप गप्प झाला. गटार अजून झालेली नाही. ठराव अजून रद्द झालेला नाही, त्याची तक्रार पंचायत समितीत पडून आहे. पण पायरीवरची ती बाकीची तीन माणसं सतरंजीवर येऊन बसली, आणि सभा सकाळी नऊला सुरू झालेली दुपारी दीड वाजता संपली, कारण प्रत्येक विषय वाचावा लागला.

पुढची सभा एक मेला. मुंबई-पुण्यातल्या पोरांनो, सुट्टी टाका आणि गावाकडं या.

जयभीम.